जाऊबाईनं मोठ्यानं वाचलं

माझ्या थोरल्या जावेला मनातल्या मनात वाचता येत नव्हतं. हसू नका. शाळेत आम्ही दोघीही गेलो नाही. तिनं आमच्या पंथाची पोथी ऐकून ऐकून, ओळीखाली बोट ठेवत अक्षरं ओळखली, आणि मी तिच्या मांडीला मांडी लावून. पोथी सुरात वाचतात, म्हणून ती सगळंच सुरात वाचायची. माझे मालक म्हणायचे, "आपल्या घरी फवाऱ्याच्या डब्याचंही पारायण होते."

आम्हा दोघींच्या गळ्यात पंथाची माळ. एकादशीला मठात पोथी वाचायची ती जाऊबाईनंच. तिचे मालक, माझे भासरे, जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकरू नाही, वाटणीचं वावर एकटी पाहायची. पोथीपुढे बसली की मात्र तिचा चेहराच वेगळा दिसे.

ती बोंडअळीची सालं होती. पऱ्हाटीचं, कपाशीचं, बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. फवारे मारून माणसं टेकीला आली. मठातले बाबाजी अंगारा द्यायचे, वावराच्या चारी धुऱ्यांवर, बांधाबांधानं, टाकायला. आमचा अंगारा जाऊबाईनंच पदराच्या गाठीला बांधून आणला होता.

अशात ती कळंबच्या बाजाराला गेली. बसस्टँडवर कोणी एक माणूस पुस्तकं वाटत होता, त्यानं हिच्याही हातात एक दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चष्मा लावून ओसरीवर बसली आणि लागली वाचायला. सूर ऐकून रस्त्यानं जाणाऱ्या दोघी मठातल्या बाया चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन येऊन बसल्या. हात जोडलेले. मी तिथंच तूर निवडत होते.

"अंगाऱ्यानं अळी मरते, तर मठाच्या वावरात फवारा काहून मारता?" जाऊबाईनं ओवीसारखं वाचलं, आणि एकीनं सवयीनं जयजयकारही केला!

दुसरी जरा थबकली. "हे कोणत्या अध्यायात हाय वो, बाई?"

जाऊबाईनं पुस्तक उलटून पाहिलं. "पोथी नोहे हे. कळंबले भेटलं."

"मंग कायले वाचून राह्यली?"

"हाती आलं म्हणून वाचून राह्यली. अन् खोटं काय आहे त्यात? मठाच्या पऱ्हाटीवर फवारा माराले तुह्याच घरचा पंप गेलता ना?"

त्या बाईनं उठून चपला घातल्या. सांजेपर्यंत मठात सगळं पोचलं होतं.

एकादशीच्या सभेत बाबाजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते मायेनं बोलले. म्हणाले, "माय, निंदा वाचली त्याचा दोष लागते. माळ उतरवून ठेव. पोथीला हात लावू नको, पंगतीत बसू नको. माळकऱ्यांनी तुह्या हातचं पाणी घेऊ नये." मग म्हणाले, "सभेत उभी राहून एवढंच म्हण, वाचलं पण मले काही समजलं नाही. त्याच घडीले माळ घाल."

जाऊबाई म्हणाली, "बाबाजी, चुकलं म्हणतो मी. वाचाले नको होतं, तेही म्हणतो. पण समजलं नाही कसं म्हणू? मले समजलं ना."

आणि तिनं माळ काढून ठेवली.

आता सांगा, मी काय करावं? एका चुलीवर आम्ही दोघी. सकाळी ती चहा मांडायची आणि मला त्यातला घोटही घेता येत नव्हता. मी बाबाजींच्या पाया पडले, तर म्हणाले, "नियम माझा नाही, बाई, पंथाचा आहे." घरी येऊन मी माझीही माळ काढायला लागले, तर जाऊबाईनंच माझा हात धरला. "वेडी झाली काय? मंग पोथी वाचाले कोण राहीन?"

तेवढ्यात वेचणी आली. आमच्यात मठाच्या बाया पाळीपाळीनं एकमेकींच्या वावरात वेचायला जातात, आणि पाण्याची घागर वावरवालीनं आणायची असते. जाऊबाईच्या वावरात कोणीच फिरकलं नाही. मी घरोघर गेले.

"माह्या मनात काही नाही वो तिच्याबद्दल," पंपवाली म्हणाली. "पण दिवसभर उन्हात तहानलेली राहू काय?"

"पाणी मी आणतो ना."

"वावर तिचं, तर पाणीही तिचंच झालं."

मग आम्ही दोघीच ओट्या बांधून वेचायला लागलो. अळीनं जे ठेवलं होतं ते सगळं एकदम फुटलेलं, लोंबत होतं. कंबर मोडेस्तोवर वेचलं तरी समोर पांढरंच. त्यात आभाळ भरून आलं. जाऊबाई धुऱ्यावर जाऊन उभी राहिली, बराच वेळ वावराकडे पाहत. मला वाटलं, रडते की काय. पण नाही.

"उद्या एकादशी आहे ना?" एवढंच विचारलं तिनं.

दुसऱ्या दिवशी सभेत ती उभी राहिली. आवाज खणखणीत. "मी वाचलं, पण मले काही समजलं नाही." बाबाजींनी स्वतः माळ हातात दिली. बाया गळ्यात पडून रडल्या हो तिच्या! दुसऱ्या दिवशी तिच्या वावरात बायाच बाया. तिच्या घागरीचं पाणी पिऊन पंपवाली म्हणाली, "गोड हाय वो, बाई, आतालोक साखर घालून लपवून ठेवलं होतं काय?" सगळ्या हसल्या. जाऊबाईही हसली. पाऊस यायच्या आत कापूस घरात आला.

पुढच्या एकादशीला पोथी तिच्यापुढे ठेवली, तर तिनं ती माझ्याकडे सरकवली.

बाबाजी म्हणाले, "आता मनाई नाही, माय. वाच."

"नाही, बाबाजी. मले समजत नाही, असं सभेत म्हटलं ना मी. न समजणाऱ्या बाईनं पोथी कायले वाचावी?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी समजावलं असतं. तिनं खरंच तसं ठरवून टाकलं होतं. बाबाजींनी मला हातानं वाचायची खूण केली.

मी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीत जोडाक्षरावर अडले. पूर्वी मी अडले की ती बाजूनं हळूच सांगायची. सगळ्या बायांनी तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून माळेचे मणी सरकवत बसली होती. मी ती ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा चुकले, आणि तशीच पुढे गेले.