समुद्राची ओटी

मांजर्लीत तळमजल्यावर राहणाऱ्या बायकांना नदीशी गोडीनं वागावं लागतं. उल्हास फुगली की विचारून घरात येत नाही. म्हणून आमच्या गल्लीत पाणी चढायला लागलं की नदीची ओटी भरतात. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळदकुंकू. बाई, यंदा बाहेरूनच जा, एवढंच मागणं.

मी आणि माझी मैत्रीण हे वर्षानुवर्षं जोडीनं करत आलो. आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. ज्या मोठ्या पुरात आमचे फ्रिज तरंगले, त्या पुरात आम्ही दोघी गच्चीवर एका ताडपत्रीखाली बसलो होतो. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की माझी काचेची बांगडी आत रुतून फुटली. त्या दिवसापासून तिनं पाण्याची जी धास्ती घेतली ती कायमची. मुलाला नोकरी लागल्याबरोबर तिनं अंबरनाथला टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर घर घेतलं. मी होते तिथेच राहिले. पण पाऊस वाढला की तिचा फोन ठरलेला. "पाणी कुठवर आलंय गं? बॅग भर आणि ये वर माझ्याकडे." मी कधी जायचे, कधी नाही. फोनची वाट मात्र दरवेळी बघायचे.

अंदमानची टूम तिचीच. पाण्याला घाबरणारी बाई बेटं बघायला का जाते? तर टॉवरमधल्या सगळ्या बायकांचे बेटांवरचे फोटो होते आणि हिचाच नव्हता. "तू असलीस तर मी बोटीत बसेन," ती म्हणाली. मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात तिनं दोघींसाठी मोठ्या काठाच्या टोप्या आणि फुलाफुलांचे लांब गाऊन घेतले. मग हिरवा, जरीकाठाचा एक खण निवडला. सिंधी दुकानदारानं तो दोन्ही हातांनी ताणून दाखवला. "दीदी, पानी में डालो, खींचो, कुछ नहीं होगा. गॅरंटी." बाहेर आल्यावर तिनं खण माझ्या पिशवीत कोंबला. "बोटीत बसलो की समुद्राची ओटी भरू. तू सोड हं. माझे हात कापतात."

पहिल्या बेटावरचे दिवस छान गेले. ती गुडघाभर पाण्यात माझा हात धरून उभी राहिली आणि लहान मुलीसारखी ओरडली. दुसऱ्या बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीत मात्र तिला मुंबईच्या तिघीजणी भेटल्या. गॉगल, पांढरे शर्ट, हिंदीत इंग्रजी. "कहाँ से?" विचारल्यावर आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "मुंबई." अंबरनाथ तिच्या तोंडून आलंच नाही. ती त्यांच्या बाकावर जाऊन बसली आणि उतरेपर्यंत तिथेच होती. मी आमच्या पिशव्या सांभाळल्या.

दुसऱ्या दिवशी प्रवाळ बघायला जाणाऱ्या छोट्या बोटीत त्या तिघी आणि आम्ही दोघी. ती त्यांच्यात बसली, मी मागे, इंजिनाजवळ. समुद्रात कचरा टाकायचा नाही, असं बोटवाल्यानं निघतानाच सांगितलं होतं. पण ओटी म्हणजे कचरा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मैत्रिणीनं मागे वळून मला डोळ्यांनी खूण केली. सोड. मी हात जोडले आणि खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडले.

नारळ तरंगत गेला. खण गेला तो सरळ इंजिनाच्या पंख्यात. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बोट उन्हात जागच्या जागी फिरायला लागली.

"किसने फेंका?" बोटवाला ओरडला. मी हात वर केला. दुसरं कोण करणार? त्यानं मला नको ते ऐकवलं आणि सुरी दातात धरून पाण्यात उडी मारली. तिघींपैकी एक म्हणाली, "ऐसे लोगों को लाते ही क्यों हैं?" मग माझ्या मैत्रिणीला विचारलं, "ये आपके साथ हैं क्या?"

तिनं टोपी सरळ केली. "नहीं नहीं. होटल में मिली थी. गाँव से आई है, क्या बोलें."

सगळ्या हसल्या. ती सर्वांत जास्त वेळ हसली. बोटवाल्यानं खण वर काढून माझ्या पायाशी आपटला. जरीकाठ शाबूत होता. दुकानदाराची गॅरंटी खरी निघाली.

प्रवाळाशी पोचल्यावर त्यांच्यातल्या एकीनं फोन माझ्या हातात दिला. "आंटी, हमारा एक फोटो निकालोगे?" चौघी एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहिल्या. सगळ्यांची डोकी कापायचा मोह झाला होता. पण कापली नाहीत. फोटो नीट काढला.

परतताना वारा सुटला. बोट वर जायची आणि खाली आपटायची. तिघी एकमेकींना बिलगून बसल्या, त्यात हिला जागा नव्हती. ती रांगत मागे आली आणि तिनं माझं मनगट धरलं, तेच. "अगं, मला धर. सोडू नकोस. काहीतरी बोल ना गं."

मी तिचं एकेक बोट सोडवलं. मग त्या तिघींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आप कौन? हम तो होटल में मिले थे ना?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिच्या फुलाफुलांच्या गाऊनखाली ओल पसरत गेली. ते पाणी समुद्राचं नव्हतं. तिघींनी बघितलं आणि पाय वर घेतले. माझ्या खांद्यावर ओढणी होती. मी ती दिली नाही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? किनारा येईपर्यंत मी समुद्राकडे बघत बसले आणि ती बोटीच्या तळाशी रडत राहिली.

उरलेले दिवस आम्ही एका खोलीत राहिलो आणि एकमेकींना चहाचंसुद्धा विचारलं नाही. विमानतळावरून तिनं वेगळी गाडी केली.

यंदा पाणी माझ्या उंबऱ्याला लागलं. मी गाद्या टेबलावर चढवल्या, मिक्सर माळ्यावर टाकला आणि फोन पूर्ण चार्ज करून हाताशी ठेवला. गल्लीतल्या बायका ओटी घेऊन नदीवर गेल्या, मी गेले नाही. फोन वाजेल म्हणून बसले होते. बाजूच्या घरात पाणी शिरल्याचा आरडाओरडा ऐकू आला. तरी वाजला नाही.

शेवटी मीच तिचा नंबर काढला. वर तिचा फोटो होता. मोठ्या काठाची टोपी, खांद्यावर हात टाकलेल्या त्या तिघी, मागे निळं पाणी. मीच काढलेला. चांगला आलाय.