निम्म्यांना खरं औषध

घरी पाहुणा आला की सर आपल्या जुळ्या मुलांना खांद्याला धरून पुढे उभं करायचे आणि ओळख करून द्यायचे, "हा गोलू, हा प्रयोगातला. ही रेणू, ही तुलनेसाठी ठेवली आहे." पाहुण्याला हसावं की गप्प बसावं ते कळायचं नाही. सर मात्र आधीच हसून मोकळे झालेले असायचे.

इंद्रपुरीत आम्ही एकाच इमारतीत राहत होतो, मी खाली, ते वर. शाळाही एकच. मी हिंदी शिकवत होते, ते जीवशास्त्र. माझे आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. सरांचं घर आता रिकामं आहे. तुमच्याही शाळेत असे एक सर असतील, ज्यांचे विनोद मुलांना पाठ असतात आणि तरी दर वर्षी हशा पिकतो.

कुठल्याही प्रयोगाला दोन गट लागतात, हे वर्गात समजावताना ते हमखास घरच्या दोघांना कामाला लावायचे. "गोलूच्या दुधात हळद, रेणूचं दूध नुसतं. देखते हैं, सर्दी आधी कोणाला होते." एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले, "गोलूशी मी फक्त मराठीत बोलतो आणि रेणूशी फक्त हिंदीत." मी विचारलं, मग निष्कर्ष काय निघाला? "दोघंही हिंदीतच उलट उत्तरं देतात. प्रयोग फसला, मॅडम."

वहिनी चिडायच्या. "माझी पोरं काही तुमच्या लॅबमधले बेडूक नाहीत." त्यावर सर अगदी शांतपणे सांगायचे, "बेडकांवर सरकारनं बंदी आणली. घरच्यांवर अजून आणलेली नाही." मलाही कधी कधी राग यायचा. पण पोरांना ताप आला की दोघांच्या उशाशी आळीपाळीने बसणारा हाच माणूस होता, त्यामुळे राग टिकायचा नाही.

गोलू तिसरीत असताना जिन्यात पडायला लागला. आधी वाटलं, पोरगा धांदरट आहे. मग तो जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहू लागला. सरांनी ते एकदाच पाहिलं आणि त्याच दिवशी त्याला साकेत नगरच्या हॉस्पिटलात नेलं. स्नायूंचा आजार निघाला. एकेक स्नायू काम सोडत जातो, शेवटी श्वासाचे. डॉक्टर समजावून सांगत होते आणि सर मान हलवत होते. दर वर्षी बारावीला ते हेच शिकवत होते.

सरांचा तो विनोद तेव्हापासून बंद झाला. गोलूला मात्र तो आवडायचा. कोणी आलं की तोच सांगायचा, "मैं प्रयोगवाला, ये तुलनावाली." सर उठून आत जायचे. रेणू दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरायची, मागून गोलू बसून एकेक पायरी उतरायचा. मला ते बघवत नव्हतं.

अशात दिल्लीच्या एका हॉस्पिटलात नव्या औषधाची चाचणी सुरू होणार असल्याचं कळलं. गोलूला त्यात घेतलं. सर माझ्या दारात उभे राहून सांगत होते. "निम्म्या मुलांना खरं औषध. निम्म्यांना तसंच दिसणारं, तसंच कडू, पण नुसतं पाणी. कोणाला काय मिळतंय ते चाचणी संपेपर्यंत डॉक्टरलाही माहीत नसतं. पद्धत बरोबर आहे, मॅडम. असं केल्याशिवाय औषध चालतं की नाही ते कळणारच नाही." मग म्हणाले, "पण देवा, माझ्या पोराला खरं मिळू दे." त्यांच्या तोंडून देवाचं नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा. गोलू तोंड वाकडं करायचा, पण प्यायचा, कारण बरं होऊन त्याला सायकल शिकायची होती. मी म्हटलं, जिन्यात लेकराचे हाल होतात, आपण घरं बदलू. तुम्ही खाली या, मी वर जाते. सर म्हणाले, "नको. जिना असला तर सुधारणा दिसेल." आणि रोज संध्याकाळी हाक मारायचे, "मॅडम, बघा जरा, आज कठडा कमी धरला ना?" गोलू कठड्याला लोंबकळून स्वतःला वर ओढत असायचा. मी म्हणायचे, हो, कमी धरला. विज्ञानातलं मला ओ का ठो कळत नाही, पण जे मला दिसत होतं ते सरांना दिसत नसेल असं कसं म्हणू?

ऐन उन्हाळ्यात एक दिवस ते खाली आले आणि म्हणाले, "घरं बदलू या." सामान हलवताना एका गादीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, एक माझ्या. जिन्याच्या मध्यावर ते थांबले. "आता एकच आशा आहे, मॅडम. त्याला पाणी मिळत असेल. औषधाचा गुण आला तर चाचणी संपल्यावर सगळ्यांना खरं देणार आहेत. म्हणजे त्याचं औषध अजून बाकी असेल." ज्या देवाकडे खरं मागितलं होतं, त्याच्याकडेच ते आता खोटं मागत होते. मीही मागितलं. रोज दिवा लावताना म्हणायचे, पाणीच असू दे.

चाचणी वेळेआधीच थांबवली. दिल्लीचा फोन आला तेव्हा शाळा सुटली होती आणि स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. फोन ठेवून सर म्हणाले, "त्याला खरं औषध मिळत होतं. पहिल्या दिवसापासून."

'बरं झालं' माझ्या ओठांवर आलं होतं. मग अर्थ लक्षात आला. "दोन्ही गटांत काही फरक नाही," सर म्हणाले, "पद्धत बरोबर होती." त्या पद्धतीची मला इतकी चीड आली की समोरचा डस्टर उचलून भिंतीवर मारावासा वाटला. सरांनी डबा पिशवीत घातला आणि आम्ही घरी आलो.

गोलूला त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावणं आलं. गॅसवर काडेचिराईत उकळत होतं, वहिनी गाळणं हातात धरून पाठमोऱ्या उभ्या होत्या. दिल्लीच्या बाटलीत तळाशी थोडं औषध उरलं होतं. सरांनी एका चमच्यात त्याचा थेंब घेतला, दुसऱ्यात आपल्या काढ्याचा, आणि मला डोळे मिटायला सांगितलं. "फरक कळतो का सांगा. त्याला कळायला नको."

मी दोन्ही चाखले. सारखेच कडू होते. तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी काढा गाळून बाटलीत भरला आणि झाकण पुसून घट्ट लावलं.

गोलू बाहेरच्या खोलीत चाकांच्या खुर्चीत बसला होता. चमचा रिकामा करून त्याने तोंड वाकडं केलं. "बाबा, आजची ज़्यादा कडू आहे. ज़्यादा पॉवरची पाठवली का त्यांनी?"

"हो," सर म्हणाले. "जास्त पॉवरची."

"तो फिर असर भी जल्दी होगा," गोलू म्हणाला, आणि अजून एक चमचा मागू लागला.