माझ्याच जॅन्डलवर उचललेला झेंडा

पोरिरुआत, आमच्या वाऱ्याच्या गावात, हायस्कूलच्या फुटबॉलचा रेफरी होणं सोपं आहे, मीटिंगांतून जिवंत बाहेर आलात तर. आमच्या मुख्य रेफरीबाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका. माझ्या लग्नात दोन्हीकडच्या आत्यांनी मिळून केली नसेल एवढी चर्चा त्या एका कॉर्नर किकवर करायच्या. दर शनिवारी सकाळी सामन्याआधी आम्ही तिघं ऑफिशियल्स त्यांच्या घरी जमायचो. वारा कुठून येणार इथपासून केळं कोणी कधी खायचं इथपर्यंत सगळं ठरायचं.

त्या शनिवारी माझी परीक्षा होती. दोन हिवाळे मी नुसता झेंडा घेऊन लाइनवर धावलो होतो. परीक्षकांनी पास केलं तर पुढच्या आठवड्यापासून शिट्टी माझी. घरी मी कुकरकडेसुद्धा हेव्याने बघायला लागलो होतो.

सवयीने बूट बाईंच्या पुढच्या दाराशी काढले. सामानाची यादी माझ्याकडे होती: शिट्ट्या, कार्डं, झेंडे, पंप.

"मैदानात बाहेरची वस्तू आली तर?" बाईंनी विचारलं.

"झेंडा वर करून हलवायचा."

"कोणाची वस्तू, ते बघायचं?"

"नाही."

"स्वीट ॲज," त्या म्हणाल्या. इकडच्या भाषेत, एकदम झकास.

मीटिंग संपल्यावर सामान घेऊन मी मागच्या दाराने गॅरेजमध्ये निघालो. तिथे बाईंच्या नवऱ्याच्या जॅन्डल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर, होत्या, त्या पायात सरकवल्या. यादीवर शेवटची खूण केली आणि दिमाखात गाडीत बसलो. बूट यादीत नव्हते. रेफरी बुटांशिवाय निघेल हे कुठल्या यादीला सुचणार?

कळलं ते मैदानावर, मुलींच्या बुटांचे स्टड तपासताना. बावीस जणी पाय मागे उचलून उभ्या. त्यातली एक गोलकीपर म्हणाली, "आता तुमचे दाखवा ना, रेफ."

बाईंनी खाली बघितलं. "परत जायला वेळ नाही. पळशील?"

"पळतो की."

बाईंच्या नवऱ्याचा पाय अकरा नंबरचा, माझा सात. अर्धा सामना मी दोन होड्यांत उभा राहून पळलो. वारा असा, की एक सीगल पक्षी माझ्यासमोरून उलटा गेला, शपथ. दुसऱ्या हाफमध्ये ऑफसाइड पकडायला झेपावलो आणि उजवी जॅन्डल सुटली. गोलपोस्टच्याही वर गेली, तिथे जरा विचार केला आणि बॉल येत होता नेमकी तिथेच, त्या गोलकीपरच्या पुढ्यात उतरली.

परीक्षक माझ्या मागे वही उघडून उभे. वाटलं, गप्प बसावं. पण अख्ख्या मैदानात एक पाय उघडा असलेला मी एकटाच. झेंडा वर केला आणि हलवला.

बाईंनी शिट्टी वाजवली, जॅन्डल दोन बोटांत धरून लाइनवर आणून दिली. "कोणाची ते बघायचं नसतं," त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "पण ही आमच्या घरची आहे."

सामन्यानंतर परीक्षकांनी कागद हातात दिला. पोशाख: भयंकर. बाहेरच्या वस्तूचा इशारा: तत्पर आणि निःपक्षपाती. एकूण: पास.

पुढच्या शनिवारी शिट्टी माझ्या गळ्यात होती. मीटिंग बाईंनी पुढच्या दाराबाहेर घेतली, भर वाऱ्यात, तिघांच्या बुटांच्या रांगेसमोर बसून. केळं तेवढं वेळेवर खाल्लं.