कडी-कुलूप नसलेला खोका

दुपारचे तीन वाजून पंचेचाळीस मिनिटं. बार उघडायला अजून सव्वा तास आहे आणि मावशी बाटल्यांच्या उलट्या क्रेटवर उभी राहून भिंतीत स्क्रू पिळतेय. स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी, डोळ्यांच्या रेषेत, लाल लाकडी खोका. मालकानं तो काल तिसऱ्यांदा काढला. ती आज चौथ्यांदा लावतेय.

मावशी इथली स्वच्छतागृहं एकोणीस वर्षं साफ करते. वय अठ्ठावन्न, गुडघ्यांचं त्याहून जास्त. खोक्यात नाकात मारायचे दोन फवारे असतात. नशेच्या गोळ्या जास्त होऊन कुणी कोसळला, श्वास मंदावायला लागला, तर रुग्णवाहिका येईपर्यंत हा फवारा त्याला तगवू शकतो. या रस्त्यावरच्या अकरा बार-हॉटेलांतल्या वेटर, आचारी आणि सफाईवाल्यांनी मिळून ठरवलं होतं: प्रत्येक ठिकाणी एक खोका, प्रत्येक पाळीत फवारा मारता येणारी दोन माणसं. शिवाय दर दहा मिनिटांनी स्वच्छतागृहाचं दार वाजवायचं. दोन हाकांना उत्तर आलं नाही, की बाहेरून उघडायचं.

इथं मात्र जास्तीचा शहाणपणा झाला. चोरीला जातील म्हणून फवारे मालकाच्या कपाटात कुलूपबंद ठेवले. गेल्या वर्षी एक सुतार आत पडला, ओठ निळे. किल्ली मालकाच्या खिशात आणि मालक भाचीच्या लग्नात. मावशी ओल्या चपलांनिशी रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलातून फवारा घेऊन आली. सुतार वाचला. हा खोका त्यानंच बनवून दिलाय. कडी मुद्दाम लावलेली नाही.

"मावशी, उतरा खाली," मालक दारातून म्हणाला. "गिऱ्हाईक बिचकतं. म्हणेल, इथं असलेच लोक येतात."

"येतातच. तुम्हाला दिसत नाहीत, मला दिसतात. गिऱ्हाईक मेल्यावर कमी बिचकतं का?"

"कपाटात ठेवू की. किल्ली काउंटरवर देतो."

"आणि काउंटरवाला कुठं उलथलाय, ते कुणाला विचारायचं?"

काउंटरवाला लिंबं कापत होता. मान वर न करता म्हणाला, "मला फवारा मारता येतो, मालक. कपाट फोडता येत नाही."

मालकाचा पारा चढला. "उद्या हा खोका इथं दिसला, तर तुम्ही दिसणार नाही, मावशी."

मावशीनं शेवटचा स्क्रू आवळला, खाली उतरली आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातावर ठेवला. "घ्या. उद्या कशाला? आज पाचपासून दार तुम्ही वाजवा. दर दहा मिनिटांनी. उलटीची बादली निळी, विसरू नका."

"मी कढई सोडून येणार नाही, आधीच सांगतो," आचारी आतून म्हणाला.

मालक जुडग्याकडे बघत राहिला. मग निळ्या बादलीकडे. काउंटरवाल्यानं पुढचं लिंबू उचललं.

"निदान रंग तरी बदला त्याचा," जुडगा परत देत मालक म्हणाला.

"लाल लांबून दिसतो." तिनं जुडगा कमरेला खोचला.

खोक्याखाली आता उद्याच्या पाळीचा कागद चिकटवलेला आहे. उद्या साडेतीनला समोरच्या हॉटेलातल्या दोन नव्या वेटरांना, उशीला माणसाचं डोकं समजून, फवारा मारायला शिकवायचं आहे. दार वाजवण्याच्या रकान्यात, पाच ते सातच्या पुढे, 'मालक' असं लिहिलंय. अक्षर मावशीचं आहे.