राता भाताचा बांध

एखादा प्रकल्प संपत आला की त्यातून प्रत्यक्षात काय झालं ते पाहून यायचं आणि पैसे देणाऱ्यांना कळवायचं, हे माझं काम. पनवेलला राहून मी नंदुरबार, गडचिरोलीपर्यंत गेले होते. स्वतःच्या तालुक्यात जायची वेळ मात्र तोवर आली नव्हती. म्हणून गव्हाणच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावातलं काम आलं तेव्हा मला जरा गंमतच वाटली. सकाळी घरचा डबा घेऊन मी रिक्षाने निघाले.

प्रकल्प राता भाताचा होता. खाऱ्या जमिनीत तग धरणारं हे लाल तांदळाचं भात आमच्या भागात पूर्वी सगळीकडे असायचं. त्याचं बियाणं नाहीसं होऊ नये म्हणून एका संस्थेने गावात बियाण्याची खोली बांधली होती. ते काम सांभाळणारी मुलगी शेतकी पदवीधर, तिशीच्या आतली. तिने मला खोली दाखवली. पत्र्याच्या कोठ्या, त्यांत कडुनिंबाचा पाला, भिंतीला ओल नाही. सगळं इतकं नीट होतं की मला नावं ठेवायला जागाच सापडेना. मग मी म्हटलं, आता शेतं बघूया. ती क्षणभर थांबली आणि चपला घालायला लागली.

दिवाळी होऊन गेली होती, म्हणजे कापणीचे दिवस. पण बांधावर चढून पाहिलं तर समोर पाणीच पाणी. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध आदल्या पावसाळ्यात फुटला होता. भरतीला पाणी आत यायचं आणि तिथेच साचायचं. पलीकडे कंटेनरच्या रांगा. फक्त वरच्या अंगाला एका तुकड्यात भात उभं होतं आणि साठीची एक बाई दोन जावांबरोबर ते कापत होती. बाकीच्यांनी का पेरलं नाही, असं मी तिला विचारलं.

"बियानं न्यायला कोन ना बोलतंय, बाय?" ती कंबर सरळ करत म्हणाली. "पन पेरायचं कुटं? खाडी आत आली हाय."

परतताना ती मुलगीही माझ्या रिक्षात होती. बांधाबद्दल तिने वरिष्ठांना दोनदा सांगितलं होतं. हा प्रकल्प बियाण्याचा आहे, मातीकामाचा नाही, असं उत्तर आलं होतं. पळस्पे फाटा आला तेव्हा ती मुद्द्यावर आली.

"मॅडम, शेतं रिकामी आहेत असं तुम्ही लिहिलंत तर ते प्रकल्पच बंद करतील. मग बियाणंही जाईल."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि शेतं रिकामी होती हेही खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच पुन्हा गेले. भात कापणाऱ्या त्या बाईंच्या घरी कळलं की त्यांचा मुलगा जेसीबी आणि डंपर चालवतो. द्रोणागिरीकडे गोदामांच्या भरावाची कामं घेतो. घर दुमजली, दारात दोन गाड्या. मी जमिनीच्या व्यवहारासाठी आले असं वाटून त्याने आधी थंड सरबत मागवलं. मी कशाला आले ते कळल्यावर तो हसला. आईचा तो तुकडाही भराव घालून कंटेनर यार्डाला द्यावा, असं त्याच्या मनात होतं. आई ऐकत नव्हती. त्यावरून दोघं महिनाभर नीट बोललेली नव्हती, हे त्याने स्वतःच सांगितलं.

बांध दुरुस्त करायला मशीन मिळेल का, असं गावातल्या कुणी विचारलं होतं का, हे मी त्याला विचारलं.

"नाय. त्या संस्थेच्या मीटिंगला शेतकऱ्यांना बोलावतात," तो म्हणाला. "मी आता शेतकरी कुटं हाय?"

स्वयंपाकघराच्या दारात त्याची आई उभी होती. ती म्हणाली, "मी बोलावते. येशील?"

त्याने मोबाइल उचलला. त्यातच बघत म्हणाला, "बगू."

बघून यायचं आणि सांगायचं, मध्ये पडायचं नाही, हा आमच्या कामाचा रिवाज. तरी त्या संध्याकाळी मी त्या मुलीला फोन करून बाईंच्या मुलाला भेटायला सांगितलं. अहवालात मी सगळंच लिहिलं: बियाणं उत्तम राखलं आहे, शेतं पाण्याखाली आहेत, आणि पुढची मदत बांधाला मिळाली नाही तर खोलीचा उपयोग राहणार नाही. पाठवण्याआधी तिला वाचून दाखवला. 'शेतकऱ्यांचा प्रतिसाद कमी' हे वाक्य तिला खटकलं. ते चूक होतंच, मी काढलं.

पैसे देणाऱ्यांनी एका हंगामाची मुदत वाढवली आणि थोडी रक्कम मातीसाठी वळवू दिली. खारभूमी खात्याची परवानगी यायला उन्हाळा उजाडला. बाईंच्या मुलाने मशीन दिलं, डिझेल प्रकल्पाने. पण पाणी बाहेर सोडायच्या दाराजवळ जमीन इतकी मऊ होती की मशीन रुतायला लागलं. तिथे चिखलाचे गोळे हातोहात देत माणसांनीच बांध उचलला. ती मुलगी गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होती. मुलगा आधी बांधावरून सूचना देत होता. आई रांगेत गोळे पुढे देत होती. दुपारी पाहिलं तर तोही पँट दुमडून रांगेत होता.

एका पावसाने सगळं मीठ धुऊन जात नाही. त्या वर्षी खालच्या अंगाला भात विरळच आलं आणि दोघा शेतकऱ्यांनी तर त्याआधीच जमीन यार्डाला देऊन टाकली होती. पण मधल्या पट्ट्यात बऱ्यापैकी पीक उभं राहिलं.

गेल्या कापणीला मी कामाशिवायच गेले. बाईंनी माझ्या हातात विळा दिला. मी पेंढ्या इतक्या वाकड्यातिकड्या बांधल्या की त्यांच्या जावा हसून बेजार झाल्या. जेवायला बसलो तेव्हा मुलगा आला, आईच्या डब्यातली भाकरी घेतली आणि यार्डवाल्याला अजून होकार दिलेला नाही, असं तिच्याकडे न बघताच म्हणाला. आईने त्याच्या भाकरीवर सुकटीची चटणी वाढली.