रोजचा शेंदूर

छप्पन साली प्रांत तुटला, नागपूर शेजारच्या राज्यात गेलं आणि आमचं सौसर इकडेच राहिलं. त्याच हिवाळ्यात माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या कपाळावर रोज शेंदूर दिसू लागला. आम्ही शेंदूर लावायचो शनिवारी, तोही देवळात गेलो तर. रोज कुठून? मी पहिल्यापासून चोंबडी, मला लगेच संशय आला.

आधी म्हणाली, जामसावळीच्या मारुतीला नवस आहे. मग म्हणाली, आईला बाहेरचं लागलंय, म्हणून सगळे तिथल्या धर्मशाळेत उतरलेत. बाधा उतरेपर्यंत तिथं राहू देत, हे खरंच होतं. वडील कारकून, कच्च्या नोकरीवरचे. कचेरीबरोबर नागपूरला गेले म्हणे. मग ते पांढुर्ण्याच्या बाजारात कापसाची गाठोडी उचलताना माझ्या काकांना कसे दिसले?

गोष्टीच्या पुस्तकांतली गरीब मुलं फाटक्या कपड्यांत असत आणि शेवटी त्यांना एखादा दयाळू शेटजी भेटे. हिची वेणी चापूनचोपून, परकर धुतलेला. त्यामुळे गरिबी माझ्या डोक्यातच आली नाही. मला वाटे, ही थापाडी आहे, नाहीतर भूत हिलाच लागलंय.

एका शनिवारी आईबरोबर जामसावळीला गेले. आई रांगेत उभी राहिली आणि मी धर्मशाळेमागे डोकावले. मैत्रिणीची माय चुलीशी बसून धाकट्याकडून पाढे म्हणवून घेत होती, तो चुकला की हसत होती. चांगली ठणठणीत. इतक्यात धर्मशाळेचे व्यवस्थापक येताना दिसले. तिनं अंबाडा सोडला, केस तोंडावर घेतले आणि घुमू लागली. धाकटा रोजच्या सवयीनं निमूट बाजूला सरकला.

मी मैत्रिणीला खांबाआड गाठलं. म्हटलं, तुझी माय खोटं खोटं घुमून राहिली.

ती चिडली नाही, रडलीही नाही.

"बाधा उतरली का मंग खोली खाली करा लागते," ती म्हणाली. "बाबाची नोकरी गेली, मंग आमी कुठी जावं? कोणाले सांगजो नोको."

परतताना बैलगाडीत आईनं विचारलं, कशी आहे तिची माय? मी सांगितलं, जोरात घुमत होती.

आईनं देवळाकडे वळून हात जोडले. "मारुतीराया, बिचारीले लवकर बरी कर."

देव आईचं ऐकतो, अशी माझी पक्की समजूत होती. मीही हात जोडले आणि घाईघाईनं मनात म्हटलं, एवढ्यात नको.