काकासाहेबांचं नाक

काकासाहेब पहिल्यांदा माझ्या लॅबमध्ये आले ते गमबूट घालून. वाळूजच्या एका बिअर कारखान्यात मी केमिस्ट होते आणि ते आंबवणाच्या टाक्यांवर ऑपरेटर. दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, सात नंबरच्या टाकीला उकडलेल्या मक्याचा वास येतोय."

माझ्या तपासणीत सात नंबर ठीक होती. मी तसं सांगितलं. "बरं," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी तो मक्याचा वास मलाही आला.

रोज अकरा वाजता आम्ही पाच जण बिअरची चव घ्यायचो. सगळे पदवीवाले. त्यात दहावी झालेले, गंगापूरकडचे काकासाहेब सहावे झाले. एकच घोट घ्यायचे, गिळायचे आणि डोळे मिटून थांबायचे. एकोणतीस वर्षांत त्यांनी दुसरा घोट घेतलेला मी पाहिला नाही. घरी बायको, द्वारकाबाई, माळकरी. बजाजनगरच्या दोन खोल्यांत शिरल्यावर आधी आंघोळ, मगच स्वयंपाकघर, असा काकासाहेबांचा नेम होता. 'दारूच्या कंपनीतला' म्हणून गावाकडं थोरल्या मुलीचं जमत आलेलं लग्नही एकदा मोडलं होतं. पण कामाविषयी ते कधी खाली मान घालून बोलले नाहीत.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी माझ्या बहिणीच्या मुलानं, हिमांशूनं, उस्मानपुऱ्यात स्वतःचं दुकान टाकलं. तिथंच मागं बिअर बनवायची आणि पुढं टेबलांवर द्यायची. काचेपलीकडं चकाकणाऱ्या चार टाक्या, भिंतीवर फळा. त्याला बनवणारा माणूस हवा होता. मी काकासाहेबांचं नाव सांगितलं.

पहिल्या दिवशी त्यांनी फळा वाचला आणि मला बाजूला घेतलं.

"मॅडम, हे साडेचारशे एका गिलासाचे?"

"एकाच."

"बाटली दीडशे-दोनशेला मिळती. मंग ह्यात काय सोनं घालायचं?"

"ते तुम्हीच ठरवा."

त्यांनी ते मनावर घेतलं. इतके पैसे घ्यायचे म्हणजे तेवढं द्यायला पाहिजे, हा साधा हिशोब त्यांना झोपू देईना. सातूचं पोतं आलं की मूठभर दाणे चावून बघायचे. एकदा अख्खी खेप परत पाठवली, तेव्हा हिमांशू वैतागला होता. वर्षभरानं मी पुन्हा तोच प्रश्न काढला, की वाटतं का आता साडेचारशेची?

"व्हय," ते म्हणाले. "कारखान्यात टाकी लवकर मोकळी करायची घाई असायची. इथं ती तयार हुईपर्यंत थांबता येतं. गिऱ्हाईक त्या थांबण्याचे पैसे देतंय, मॅडम."

मला ते पटलं होतं. बिअर होतीच तशी. शेवटचा घोट गेल्यावरही भाजलेल्या धान्याची चव रेंगाळायची.

मग कोरोना आला. दुकान बंद, चालू, पुन्हा बंद. दुसऱ्या लाटेत काकासाहेब आणि द्वारकाबाई दोघंही आजारी पडले, पण घरीच बरे झाले. दुकान उघडलं तसे काकासाहेब कामावर आले. थोडे वाळले होते, एवढंच.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी दुपारी मी दुकानात गेले. हिमांशूनं नव्या टाकीतला गिलास पुढं ठेवला. मी तो तोंडाजवळ नेला आणि थांबले. लोण्याचा वास. जडशीळ, जिभेवर तुपकट राहणारा. आंबवण पुरतं व्हायच्या आत टाकी थंड केली की हा वास बिअरमध्ये अडकून बसतो. शिकाऊ माणसालाही कळेल अशी चूक. आणि ती काकासाहेबांची?

मी गिलास घेऊन मागं गेले. ते पाइप धूत होते.

"काकासाहेब, जरा बघा."

त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. नेहमीसारखे थांबले. मग म्हणाले, "ठीक वाटती."

"लोणी आहे त्यात."

त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, पुन्हा पुसले.

"मला वास येत नाय, मॅडम," ते म्हणाले. "तापात गेला तो आलाच नाय. सहा महिने झाले."

"सहा महिने? आणि आधीच्या टाक्या?"

"जुन्या अंदाजानं केल्या. दिवस मोजले, काटा बघितला. जमलं. ह्या वक्ताला यीस्ट सुस्त व्हतं. पूर्वी झाकण उघडलं की कळायचं, आजून दोन दिवस ऱ्हाऊ द्यावं. आता झाकण उघडलं की नुसती हवा."

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? नाक सोडून दुसरं काय व्हतं माझ्याकडं?"

त्यांनीच पुढं होऊन हिमांशूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. कुणावर ढकललं नाही. म्हणाले, "टाकी वतून द्या. माझ्या पगारातून कापा."

हिमांशू वाईट मुलगा नाही. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, चार दिवस झाले ही बिअर विकतोय. एकाचीही तक्रार नाही. उलट लोक विचारतायत, नवीन काय टाकलंय म्हणून. राहू दे."

"पण ती बिघडलीय."

"लोकांना आवडतेय ना?"

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. फळ्यावर सगळ्यात वर नवं नाव होतं, 'बटरस्कॉच स्पेशल'. पुढं किंमत, पाचशे. काकासाहेब फळ्यासमोर उभे होते. पायात गमबूट, अंगात एप्रन. असे ते टेबलांच्या बाजूला कधी येत नसत.

मी हाक मारायच्या आत ते जवळच्या टेबलापाशी गेले. तिथं चार तरुण बसले होते, नोकरदार दिसत होते.

"साहेब," काकासाहेब म्हणाले, "ही बिअर बिघडलेली हाय. मीच बनवलीय. दुसरी मागवा."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एक जण हसला. "अरे काका, मस्त है यार! एकदम क्रीमी. पुण्यात अशी सातशेला देतात."

"साहेब, लोण्याचा वास..."

"तीच तर मजा आहे," तो म्हणाला. आवाज अगदी समजूतदार होता. "काका, तुम्हाला नाही कळायचं यातलं."

बाकीचेही हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. एकानं तर त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली. काकासाहेब क्षणभर त्या खुर्चीकडं बघत राहिले आणि मागं गेले. मी पोचले तेव्हा ते एप्रनची घडी घालत होते.

"मॅडम, मी सातूचं पोतं परत धाडलं ते कुणासाठी?" त्यांनी विचारलं. "आठ-आठ दिवस थांबलो ते कुणासाठी? चांगली व्हती तवाबी मस्तच म्हणत व्हते. आता बिघडली तरी मस्तच."

मी म्हणाले, "मला कळत होतं."

"तुम्ही पैशे दिले नाय कधी," ते म्हणाले आणि ओशाळून हसले. ते खरं होतं. भाच्याच्या दुकानात माझ्याकडून कोण पैसे घेणार?

त्या दिवशी गेले ते पुन्हा तिकडं आले नाहीत. हिमांशूनं दोनदा घरी जाऊन विनवलं. टाक्यांना हात लावला नाही तरी चालेल, नुसते येऊन बसा म्हणाला. त्या 'नुसते बसा'नं ते आणखी दुखावले असावेत.

दिवाळी झाल्यावर मी बजाजनगरला गेले. काकासाहेब दळण आणायला गेले होते. द्वारकाबाईंनी चहा टाकला. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग एकदम पदर डोळ्यांना लावला.

"ताई, तुम्हाला ठावं व्हतं ना?"

"मला ऑक्टोबरात कळलं. तुम्हाला?"

"मला परवा. दूध ठेवून शेजारी गेले. आले तर घरभर धूर, भांडं काळं ठिक्कर, आन् हे गॅसकडं पाठ करून पेपर वाचतेत. म्या वरडले, नाकाला काय झालंय म्हणून. तर रडायलाच लागले. पस्तीस वर्षांत म्या ह्यांना रडताना बघितलं नव्हतं."

चहा उतू जायला आला तसा त्यांनी गॅस बारीक केला.

"पर मला त्याचं वाईट वाटत नाय," त्या म्हणाल्या. "रोज जेवताना म्हणायचे, द्वारका, आज कालवण लई भारी झालंय. आधी कधी म्हणत नव्हते. मला वाटायचं, आजारातून उठल्यावर माझी किंमत कळली ह्यांना. म्या हुरूपानं नवं नवं करीत व्हते."

बाहेर सायकल लागल्याचा आवाज आला. द्वारकाबाईंनी घाईनं तोंड पुसलं. काकासाहेब पिठाचा डबा घेऊन आत आले, मला बघून संकोचले आणि मग नेहमीच्या आदबीनं म्हणाले, "मॅडम, जेवूनच जायचं."

आम्ही तिघं जेवलो. मेथीची भाजी होती, बाजरीची भाकरी. काकासाहेब पहिला घास घेऊन थांबले. द्वारकाबाई त्यांच्याकडं बघत होत्या.

"मीठ बरोबर हाय," ते म्हणाले. "बाकीचं तू सांग."

"लसूण जरा करपलाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बरं," म्हणून त्यांनी मान हलवली आणि सावकाश जेवत राहिले.